दसरा आणि दारफळणी

हस्ताचा पाऊस संपत आला की आमच्या सोलापुरात हवेचा काही भरवसा राहत नाही. सकाळी ढग, दुपारी डोकं फुटेल असं ऊन, आणि संध्याकाळी जुळे सोलापूरच्या रस्त्यांवर चार थेंब, तेही धूळ बसवण्यापुरते. चौकाचौकात खेड्यातल्या बायका आपट्याच्या पानांचे ढीग लावून बसतात. वैरागहून वडिलांचा फोन येतो, "पडला का गं तिकडं? हितं वापसा हाय, ज्वारी पेरून घेतो." सगळ्यांना हे दिवस आवडतात. मला मात्र या दिवसांत राग येतो. आपट्याची पहिली जुडी दिसली की डोकं तापायला लागतं, आणि खरं सांगू का, हा राग मला आवडतो. वर्षभर पुरतो.

यंदा तो जरा लवकरच आला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात विद्यापीठाच्या समितीपुढं पीएचडीच्या नोंदणीसाठी माझी मुलाखत लागली होती. विषय तोच, सोलापुरातल्या ज्यू कुटुंबांचं जगणं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पायऱ्यांवर गाठून विचारलंच, "अजून त्या ज्यूंचंच चाललंय का तुमचं? एवढ्या वर्षांत दुसरा विषय सापडला नाही?" मी म्हटलं, "सापडले की, लई सापडले. पण मला हाच पाहिजे." त्या "बरं बाई" म्हणून भाजीची पिशवी घेऊन घरात गेल्या. त्यांचा दोष नाही. हा प्रश्न मला माझ्या आईनंही विचारलाय, बँकेतल्या माणसानंही विचारलाय. उत्तर देऊन देऊन माझी जीभ चांगली धारदार झाली आहे.

ही धार लावली हिरेमठ मॅडमनी. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागले तेव्हा त्या विभागात सगळ्यांत ज्येष्ठ होत्या. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचा पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देवाला ठाऊक. मॅडम अक्कलकोटकडच्या, घरात कानडी, वर्गात मराठी, चिडल्या की पुन्हा कानडी. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, गळ्यात लिंग, हातात तांबडी पेन्सिल. माझ्या पहिल्याच टिपणात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'सोलापुरातील शेवटच्या ज्यू महिला'. मॅडमनी 'शेवटच्या' या शब्दावर पेन्सिल इतकी दाबून फिरवली की कागद फाटला.

"शेवटच्या कशावरून?"

"मॅडम, आता शहरात त्या एकट्याच राहिल्यात ना."

"एकट्या आहेत असं लिही. शेवटच्या आहेत हे ठरवणारी तू कोण? हे बघ, मरणाचा अभ्यास करायचा असेल तर दुसरा गाईड बघ. मी जगण्याचा अभ्यास करते."

त्या एकट्या बाई म्हणजे एस्तेरमावशी. रेल्वे लाईन्स भागात दोन खोल्यांच्या घरात राहायच्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आजोबा रेल्वेच्या नोकरीत कोकणातून इकडं आले, ते इथलेच झाले. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काही केल्या घाणा फिरवायचे नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मावशींची मुलं इस्राएलला स्थायिक झालेली. त्या का गेल्या नाहीत, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "सोलापूर सोडायचं एक तरी कारण सांगा की. सगळे मलाच विचारतात, राहिलीस का म्हणून. जो जातो त्याला विचारावं."

मॅडमची काम करायची पद्धत भलतीच होती. पहिल्या भेटीत वही काढायची नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. समोर येईल ते खायचं आणि घरातलं काही काम निघालं तर करायचं. मी मावशींचा नारळ खवून दिलाय, गहू निवडलेत, गॅसचा नंबर लावलाय. "प्रश्न विचारल्यावर माणूस सांगतो ते त्याला आधीच पाठ असतं," मॅडम म्हणायच्या, "नारळ खवताना सांगतो ते खरं." आणि खरंच तसं व्हायचं. मटणात दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध, हे मी पुस्तकात वाचलं होतंच. पण सोलापूरसारख्या गावात, जिथं शेंगदाण्याच्या कुटाशिवाय कालवण होत नाही, तिथं मावशींच्या आजीनं नारळासाठी कोकणातल्या माणसांना कसं पिडलं, आणि शेवटी निम्मं नारळ निम्मं कूट करून एक नवंच कालवण कसं जन्माला घातलं, हे मला खवणीवर बसल्यावर कळलं. ते कालवण मी अजून करते. घरात त्याला एस्तेरचं कालवण म्हणतात.

शुक्रवारी ऊन उतरलं की मावशी काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावायच्या. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली एक छोटी डबी होती, तिच्यात शास्त्रातली वचनं. येताजाता तिला बोट लावून ओठाला लावायच्या, आणि हे इतकं सवयीचं की हातात दुधाची पिशवी असली तरी बोट मोकळं व्हायचंच. नवस फेडायचा असला की मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं, आणि मग एलियाहू संदेष्ट्याची आठवण. आणि सणांची नावं तर ऐकत राहावीत अशी. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा. जगभरचे ज्यू त्या दिवसाला योम किप्पूर म्हणतात, प्रायश्चित्ताचा दिवस. आमच्या कोकणी ज्यूंनी त्याला सरळ मराठी नाव दिलं. त्या दिवशी पांढरे कपडे, पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा कडक उपवास, दार बंद, कुणाकडं जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दार उघडायचं, दानधर्म करायचा, माणसांना भेटायचं. माझ्या आईच्या भाषेत हे सगळं इतकी शतकं चाललं आणि मला एम.ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नाही, याचा मला तेव्हाही राग आला होता.

आता त्या वर्षाचं सांगते. मॅडमचं निवृत्तीआधीचं शेवटचं सत्र होतं. माझी पीएचडीची नोंदणी व्हायची होती, आणि विभागात एक कायम जागा भरायची होती. दोन्हीच्या किल्ल्या संस्थेच्या अध्यक्षांकडं. नवरात्र बसलं आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अध्यक्षसाहेब स्वतः बसले होते. माणूस तसा दिलदार, शेतातून आल्यासारखं मोकळं बोलणारा. म्हणाले, "बाई, तुमच्या त्या ज्यू आजींचं काम लई झ्याक हाय म्हणं. दसऱ्याला आपला मेळावा हाय. शहरातली शेवटची ज्यू महिला म्हणून सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, पेपरवाले येतील. तुमी फकस्त त्यांना घेऊन यायचं. तुमच्या जागेचं मग बघून टाकू की."

प्राचार्य हसले. मीही हसले असणार. इतकी वर्षं तासांवर काढल्यावर कायम जागा हा शब्द कानावर पडला की माणूस आपोआप हसतो.

बाहेर येऊन मी मॅडमना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, मग मोबाईलवर काहीतरी बघितलं, आणि मोबाईल माझ्यापुढं ठेवला. त्या वर्षी दसरा आणि दारफळणी एकाच दिवशी येत होते. दोन्ही पंचांगं चांद्र, दोन्हीकडं शुद्ध दशमीच, कधीकधी बरोबर गाठ पडते. मेळावा दुपारी. मावशींचा उपवास चांदण्या दिसेपर्यंत.

मी म्हटलं, "विचारून बघू का मावशींना? विचारायला काय जातंय?"

मॅडमनी गळ्यातलं लिंग पदराबाहेर काढून तळहातावर घेतलं. "मी रोज सकाळी हे हातावर घेऊन बसते. त्या वेळी माझा मुलगासुद्धा हाक मारत नाही. समज, अशा वेळी कुणी दारात येऊन म्हणालं, मॅडम, चला, गाडी उभी आहे, स्टेजवर तुमचा सत्कार आहे. मी नाही म्हणेन. पण ते नाही म्हणताना माझी पूजा मोडेल की नाही? विचारण्यात काय जातं म्हणतेस, जातं ते त्यांचं जातं. वर्षभराचं मन निवळायचा दिवस, आणि त्याच्या तोंडावर म्हातारीनं आपल्याला नाही म्हणत बसायचं. आपण इतके दिवस त्यांच्या घरचं खाल्लं ना? मग त्यांचं 'नाही' आपण म्हणायचं."

"माझी जागा जाईल, मॅडम."

"जाईल," त्या म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. "तुझी जागा आहे, तू ठरव. मी चिडणार नाही. फक्त मग तो विषय माझ्याकडं आणू नकोस."

त्या दुपारी मी स्कूटीवर गावभर फिरले. ऊन रणरणत होतं. चौकात झेंडूच्या राशी, चादरींच्या दुकानांपुढं गर्दी, देवीच्या मंडपातून ढोल. सगळीकडं दारं सताड उघडी, सगळे सगळ्यांकडं चाललेले. आपला सण म्हणजे आल्या-गेल्याचा सण, दार लावलं तर लोक विचारतात, घरात काही झालं का म्हणून. मला कळेना, मी इतकी का घुटमळतेय. पगार हवा होता. आईला सांगायला काहीतरी हवं होतं. आणि तरीही, त्या पांढऱ्या साडीतल्या बाईच्या दारावर मी टकटक करतेय हे चित्र डोळ्यांपुढं आलं की मला माझीच लाज वाटत होती. एका लिंबू सरबताच्या गाड्यापाशी थांबले, सरबत प्याले, आणि तशीच कॉलेजात गेले.

अध्यक्षसाहेब प्राचार्यांबरोबर मांडव बघत उभे होते. मी म्हटलं, "साहेब, त्या येणार नाहीत. त्या दिवशी त्यांचा दार लावून घ्यायचा सण असतो."

"आं? सण हाय म्हणताय आनि दार लावून? आमचापण सणच हाय की त्या दिवशी. आमी पडतोच की बाहेर."

"तुमच्या सणाला दार उघडतात, त्यांच्या सणाला लावतात. दोन्ही सणच, साहेब."

"मग तारीख बदला म्हनावं त्यांना. वयस्कर बाई हाय, कोन काय म्हनतंय?"

"तारीख आपण बदलू शकतो. मेळाव्याची."

प्राचार्यांनी घाम पुसला. "तुमी विचारलं तरी का त्यांना?" साहेब म्हणाले. मी म्हटलं, "नाही विचारलं, आणि विचारणारही नाही. हे उत्तर माझं समजा."

मेळावा व्हायचा तो झालाच. फाटकाबाहेर मोठा फ्लेक्स लागला, मावशींचा कुठल्यातरी शाळेच्या अंकातला फोटो आणि खाली 'शहरातील शेवटची ज्यू महिला'. स्टेजवर त्यांच्या नावाची खुर्ची. निवेदकानं नाव पुकारलं तेव्हा पहिल्या रांगेतून हिरेमठ मॅडम उठल्या, माईक मागून घेतला आणि म्हणाल्या, "त्या आज येणार नाहीत. आज त्यांचं दार बंद आहे. या लोकांचे घाणे शनिवारी बंद असायचे, म्हणून जगाला ते कोण आहेत ते कळलं. त्यांचं बंद दार हाच आमच्या अभ्यासाचा विषय आहे. दसऱ्याच्या शुभेच्छा." माईक परत देऊन खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. शेवटी मागून एनसीसीच्या पोरांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. मावशी रिक्षा करून माणसांना भेटायला निघाल्या, त्या आधी मॅडमकडं आल्या. मीही होते. पांढऱ्या साडीच्या जागी निळी इरकल, चेहरा उपवासानं उतरलेला, पण स्वच्छ. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कॉलेजच्या फाटकावर मी लटकते आहे. तुम्ही लटकवलंत?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग ठीक. काढायचं कुणी?"

आम्ही तिघी गेलो. मॅडमनी पदर खोचला. शेजारच्या फळवाल्यानं सुरी दिली, "लेव आपा, संभालके काटो," म्हणाला. मी स्कूटीच्या सीटवर चढले, मावशींनी स्कूटी दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि मॅडम खालून कानडीत सूचना देत राहिल्या. वॉचमन धावत आला. "मॅडम, हे काय करताय? साहेबांचा फ्लेक्स हाय."

"फोटो यांचा आहे," मॅडम म्हणाल्या. "परवानगी यांनी दिलेली नाही. यांच्याशी बोला."

मावशी स्कूटी न सोडता म्हणाल्या, "तुझी मुलगी माझ्या शाळेत होती ना रे? नापास केली होती का मी तिला?" तो म्हणाला, "न्हाय बाई, पास केली की." आणि त्यानं दुसऱ्या बाजूची दोरी स्वतःच सोडली.

फ्लेक्स चांगला जाड होता. वडील त्या आठवड्यात सोलापूरला आले होते, ते घेऊन गेले, कडब्याच्या गंजीवर घालायला. मावशींना सांगितलं तर इतक्या हसल्या की ठसका लागला. "म्हणजे आता मी वैरागच्या कडब्याचं पांघरूण." मी त्यांना इतकं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत फुकट गेलेला आठवडा होता असं माझे भाऊ म्हणतात. माझ्या हिशेबानं तसा दुसरा मला मिळालेला नाही.

पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. कायम जागेवर दुसरं कुणी आलं, चांगला मुलगा आहे, माझं वैर नाही. मॅडम निवृत्त होऊन अक्कलकोटला गेल्या, गाईड गेल्यावर माझी नोंदणी लोंबकळली. मी दुसऱ्या कॉलेजांत तास घेतले, क्लासेस घेतले, आणि दर शुक्रवारी मावशींकडं जात राहिले. कितीदा वाटलं, सोडून द्यावं. पण मग कुणीतरी विचारायचं, अजून तेच चाललंय का, आणि माझा सगळा थकवा जायचा. हट्ट करायला समोर माणूस लागतो. सोलापूरनं मला त्याची कधी कमी पडू दिली नाही.

गेल्या आषाढात मावशी गेल्या. प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, ते पुण्याहून मुंबईहून आले. मुलगी आली. मॅडम अक्कलकोटहून एसटीनं आल्या आणि मागं माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मी रडत होते. त्या रडल्या नाहीत, फक्त माझा हात घट्ट धरून होत्या आणि मध्येच हळू आवाजात म्हणाल्या, "वही काढलेली नाहीस ना?" मी मान हलवली. "शहाणी आहेस."

आणि मग ही यंदाची मुलाखत. लांबलचक टेबल, बिस्किटांच्या बश्या, समितीतले तज्ज्ञ. मुख्य तज्ज्ञ वयानं मोठे, वाचलेले, मनाचे चांगले होते. माझं काम त्यांनी खरोखर वाचलं होतं, कालवणाचं प्रकरण आवडलं म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, स्पष्ट बोलतो. त्या बाई आता नाहीत. विषय थोडा वळवा. शीर्षकात 'शेवटचे' हा एक शब्द घाला. सोलापुरातील शेवटचे ज्यू. लोकांना पटकन कळतं, विषयाचं महत्त्वही वाढतं. एक शब्द घाला, मी आत्ता सही करतो." आणि त्यांनी खरंच पेनचं टोपण काढलं.

मी त्या पेनकडं पाहिलं. मावशींनी मला कालवण शिकवलं, सणांची नावं शिकवली, एकदाही त्या मला शेवटच्या वाटल्या नाहीत. त्यांच्या नातवंडांच्या घरी परदेशात आजही मराठीत खिरीचा सण म्हणतात, मी फोनवर ऐकलंय. आणि समजा कुणीच म्हणत नसतं, तरी ज्यांनी दोन हजार वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेला शेवट मानला नाही, त्यांचा शेवट मी एका सहीसाठी जाहीर करायचा?

"सर," मी म्हटलं, "त्या शब्दाशिवाय सही होत असेल तर करा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाजूच्यांकडं पाहिलं, आणि टोपण परत लावलं. "विचार करून कळवतो," म्हणाले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. गुडघे दुखतात, तरी आल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काठी टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "ऊट आयता?" जेवलीस का, एवढंच. मी नाही म्हटलं. आम्ही खानावळीत जाऊन कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, आणि तिथंच ताटं बाजूला सारून पुढच्या प्रकरणाला बसलो.

सही अजून झालेली नाही. काम चालू आहे.